शॅम्पेनच्या बाटलीवरची बारीक अक्षरे

विमानतळावरच्या करमुक्त दुकानात शॅम्पेनचा कोपरा सर्वांत झगमगीत असतो. सोनेरी कागद, पिवळीधमक खोकी, जुन्या घराण्यांची नावे. परदेशातून परतणारा प्रवासी तिथे पाच मिनिटे घुटमळतो आणि बहुतेक वेळा सिनेमात ऐकलेले नाव उचलून पैसे द्यायला जातो. नाव वाईट नसते, वाइनही वाईट नसते. पण बाटलीत नेमके काय आहे ते समोरच्या मोठ्या अक्षरांत क्वचितच सांगितलेले असते. वाइन गोड की कोरडी, द्राक्षे कोणाची, ती किती वर्षे मुरली, हा सगळा तपशील खालच्या आणि मागच्या बारीक अक्षरांत दडलेला असतो. तेवढी अक्षरे लावता आली, की त्याच पैशांत बरीच सरस बाटली घरी येते.

त्याआधी प्रदेशाची थोडी ओळख हवी. पॅरिसच्या पूर्वेला, सुमारे दीडशे किलोमीटरवर, शॅम्पेन सुरू होते. रँस आणि एपर्ने ही तिथली दोन मुख्य शहरे. सुमारे 34 हजार हेक्टर द्राक्षबागा आणि 319 गावे एवढा हा पसारा. त्यातल्या 17 गावांना ‘ग्राँ क्रू’ हा सर्वांत वरचा दर्जा आहे. त्याखालोखाल चाळीसहून अधिक गावे ‘प्रमिए क्रू’ मानली जातात. हवा थंड, वर्षाचे सरासरी तापमान जेमतेम 11 अंश सेल्सिअस. जमिनीखाली पांढऱ्या खडूचे जाड थर. हा खडू पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात वेलीला हळूहळू पुरवतो. अशा हवेत द्राक्षे पूर्ण गोड होत नाहीत, त्यांचा आंबटपणा टिकून राहतो. साध्या वाइनसाठी जी उणीव ठरली असती, तीच इथे भांडवल झाली.

बुडबुडेही मुळात थंडीचीच देणगी. शरद ऋतूत सुरू झालेले आंबवणे हिवाळ्यात अर्धवट थांबायचे आणि वसंतात पिंपातल्या वाइनला पुन्हा फेस यायचा. ओव्हिलेरच्या मठातला कोठारप्रमुख दॉम पेरिन्याँ याने 1668 ते 1715 या काळात तिथल्या वाइनचा कारभार पाहिला. शॅम्पेन त्याने शोधली, ही गोष्ट पर्यटकांना आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात त्या काळी बुडबुडे हा दोष समजला जाई आणि पेरिन्याँ तो दोष टाळण्याच्याच खटपटीत होता. त्याचे खरे काम वेगळे: निरनिराळ्या बागांची द्राक्षे एकत्र जुळवणे आणि काळ्या द्राक्षांतून हलक्या हाताने पांढरा रस काढणे. वाइनमध्ये साखर घालून तिला मुद्दाम फेसाळ करण्याची रीत ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज डॉक्टराने 1662 मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. फ्रेंच माणसाला हे फारसे आवडत नाही.

आता ही वाइन महाग का, ते पाहू. द्राक्षे हातानेच तोडायची, यंत्राला मनाई. 4000 किलो द्राक्षांतून फक्त 2550 लिटर रस काढायची मुभा. म्हणजे एका बाटलीमागे जवळपास सव्वा किलो द्राक्षे, आणि या द्राक्षांना अलीकडच्या वर्षांत किलोला सहा युरोंहून अधिक भाव मिळतो आहे. नाशिकच्या बागायतदाराने हा आकडा दोनदा वाचावा. रस आंबून साधी वाइन झाली, की वेगवेगळ्या गावांच्या आणि वर्षांच्या वाइन एकत्र जुळवतात. मग बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून ती बंद करतात. दुसरे आंबवणे बाटलीतच होते. वायूला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे आत पाच-सहा वातावरणे इतका दाब तयार होतो.

मेलेले यीस्ट तळाशी गाळ होऊन बसते. वाइन महिनोन्‌महिने त्या गाळावर राहते आणि तिला पावाचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो. पुढे हा गाळ काढायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. बार्ब-निकोल क्लिको 1805 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी विधवा झाल्या आणि नवऱ्याचा व्यवसाय स्वतः चालवू लागल्या. भोके पाडलेल्या फळीत बाटल्या उलट्या-तिरक्या खोचून रोज थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ मानेशी उतरतो, ही युक्ती त्यांच्या तळघरात 1816 च्या सुमारास निघाली. आज बहुतेक ठिकाणी हे काम यंत्र करते. शेवटी बाटलीची मान गोठवून गाळाचा खडा उडवतात, रिकाम्या जागेत वाइन आणि थोडी साखर भरतात आणि बूच ठोकतात.

शेवटी घातलेली ही साखर खरेदी करणाऱ्याने पहिल्यांदा पाहावी. एकोणिसाव्या शतकात रशियाला जाणारी शॅम्पेन सरबतासारखी गोड असे. इंग्रजांना कोरडी चव आवडायची. 1874 च्या पिकापासून लुईझ पोमरी यांनी कोरडी वाइन बाजारात आणली आणि पुढे जगाची आवड त्या दिशेला वळली. आज लेबलवर ‘ब्रूट’ असेल तर लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ब्रूट’ म्हणजे सहा ग्रॅमपर्यंत. ‘ब्रूट नेचर’मध्ये वरून साखर घातलेलीच नसते. सर्वांत फसवे शब्द याच्या पुढचे. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ब्रूटपेक्षा गोड असते, 12 ते 17 ग्रॅम. ‘सेक’ त्याहून गोड, 32 पर्यंत. आणि ‘दमी-सेक’ 32 ते 50 ग्रॅम. ‘ड्राय’ वाचून कोरडी समजून घेतलेली बाटली गोडसर निघते, ती यामुळेच. पहिल्यांदा पिणाऱ्या घोळक्यासाठी ब्रूट घ्यावी. ब्रूट नेचर ही सवय झालेल्या जिभेची वाइन आहे; नवख्याला ती लिंबू चावल्यागत लागते.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे लेबलच्या कडेला, नोंदणी क्रमांकाच्या आधी छापलेली दोन अक्षरे. ती इतकी लहान असतात, की चष्मा लावल्याशिवाय दिसत नाहीत. शॅम्पेनचे सारे अर्थकारण मात्र त्यांत असते. ‘एन-एम’ म्हणजे द्राक्षे विकत घेऊन वाइन करणारे घराणे. मोएत ए शाँदाँ, व्हव क्लिको, बोलँजे, पोल रोजे ही सगळी त्यात येतात. ‘आर-एम’ म्हणजे स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची वाइन स्वतः करून विकणारा शेतकरी. ‘सी-एम’ म्हणजे सहकारी संस्था, आपल्याकडे उसासाठी साखर कारखाना असतो तशी. सभासद द्राक्षे घालतात आणि संस्था वाइन करते. ‘एम-ए’ दिसले तर सावध व्हावे. ते नाव एखाद्या दुकानसाखळीचे किंवा हॉटेलचे असते, आतली वाइन दुसऱ्याच कोणीतरी केलेली.

या अक्षरांमागे भांडणाचा इतिहास आहे. शॅम्पेनमधल्या सुमारे 90 टक्के बागा शेतकऱ्यांच्या, पण निम्म्याहून कितीतरी अधिक विक्री घराण्यांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेलींवर फिलॉक्सेरा किडीने घाला घातला, पिके बुडाली, आणि काही व्यापारी बाहेरच्या प्रदेशांतली स्वस्त द्राक्षे आणून त्यांची ‘शॅम्पेन’ करू लागले. शेतकरी खवळले. 1911 मध्ये आई या गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटवल्या गेल्या, वाइन गटारांतून वाहिली, लष्कर बोलवावे लागले. त्या असंतोषातूनच प्रदेशाच्या सीमा पक्क्या ठरत गेल्या आणि 1936 मध्ये नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले.

मग घ्यायची कोणती? घराण्याच्या बाटलीचा गुण म्हणजे भरवसा. शेकडो वाइन जुळवून दरवर्षी तीच चव आणणे हे सोपे काम नाही, आणि ते ही मंडळी चोख करतात. भेट द्यायची असेल, समोरच्याने नाव ओळखायला हवे असेल, तर घराणेच बरे. स्वतःसाठी मात्र आर-एम शोधावी. तिच्यात एका गावाची, कधी एकाच उताराची चव असते, आणि जाहिरातीचा खर्च किमतीत मिसळलेला नसतो. फ्रान्समध्ये प्रसिद्ध घराण्याची साधी बाटली साधारण 40 ते 50 युरोंना पडते, तर चांगल्या शेतकऱ्याची 25-30 युरोंतही मिळू शकते. सगळेच शेतकरी स्वस्त नाहीत, हेही खरे. आव्हीझ गावच्या आँसेल्म सेलॉस यांनी शेतकऱ्याच्या शॅम्पेनला अशी प्रतिष्ठा मिळवून दिली, की त्यांच्या बाटल्या आज भल्याभल्या घराण्यांपेक्षा महाग विकल्या जातात.

लेबलवर साल नसेल तर बिचकू नये. बहुतांश शॅम्पेन अनेक वर्षांच्या वाइनचे मिश्रण असते आणि थंड, बेभरवशाच्या हवेत ते शहाणपणाचेच आहे. अशी बाटली किमान 15 महिने तळघरात राहते. साल छापलेले असेल तर सारी द्राक्षे त्याच वर्षाची आणि मुक्काम किमान तीन वर्षांचा. 2002, 2008 आणि 2012 ही साले दर्दी लोकांनी डोक्यावर घेतली आहेत. काही उत्पादक मागच्या लेबलवर गाळ काढल्याची तारीखही देतात. ही माहिती सर्वांत उपयोगाची. साल नसलेली बाटली त्या तारखेपासून दोन-तीन वर्षांत संपवावी. तारीख छापणारा उत्पादक लपवाछपवी करत नाही, एवढे तरी त्यावरून कळतेच.

द्राक्षांच्या मुख्य जाती तीन. पिनो न्वार आणि म्यूनिए काळ्या, शार्दोने पांढरी. ‘ब्लाँ द ब्लाँ’ म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षांची, सडसडीत आणि लिंबाच्या अंगाची. एपर्नेच्या दक्षिणेकडच्या क्रामाँ, आव्हीझ, मेनिल या गावांची ती खासियत. ‘ब्लाँ द न्वार’ काळ्या द्राक्षांची, भरदार. गुलाबी ‘रोझे’ हवी असेल तर जेवणाबरोबर घ्यावी, नुसत्या रंगावर भाळून जादा पैसे मोजू नयेत.

शॅम्पेन हे नाव बहुतेक देशांत त्या प्रदेशाबाहेरच्या कोणालाही वापरता येत नाही. भारतातही ते भौगोलिक मानांकन म्हणून नोंदलेले आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्यात सापडते. मोएत ए शाँदाँ ज्या उद्योगसमूहाचे, त्याच समूहाने दिंडोरी तालुक्यात वाइनरी उभारली आणि 2013 मध्ये ‘शाँदाँ’ बाजारात आणली. पद्धत तीच, मालक तेच, पण लेबलवर शॅम्पेन हा शब्द नाही. त्याच्याही आधी, 1980 च्या दशकात, नारायणगावच्या इंदगे समूहाने पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याच्या तांत्रिक मदतीने फेसाळ वाइन केली होती. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी बाजारात गेली. तेव्हा मोठा घोळका असेल, कॉकटेल करायची असेल किंवा केक कापताना नुसता फेसच उडवायचा असेल, तर शॅम्पेनवर पैसे घालवू नयेत. नाशिकची फेसाळ वाइन, फ्रान्सचीच क्रेमाँ किंवा स्पेनची काव्हा घ्यावी. या तिन्हींत बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या वाइन मिळतात. इटलीची प्रोसेको बहुतांशी टाकीत फेसाळ करतात. ती हलकी, फळांच्या वासाची आणि सोपी असते.

बाटली घरी आली की मराठी घरात तिचे सर्वाधिक हाल शोकेसमध्ये होतात. उजेड आणि उष्णता हे शॅम्पेनचे शत्रू. रोदरे घराण्याची ‘क्रिस्टल’ 1876 मध्ये रशियाच्या झारसाठी पारदर्शक काचेत भरली गेली. ती बाटली आजही केशरी कागदात गुंडाळून विकतात, ती उजेडापासून बचावासाठीच. मे महिन्यात बंद फ्लॅटच्या कपाटात ठेवलेली बाटली काही आठवड्यांत थकते. ‘चांगल्या दिवसासाठी’ म्हणून दहा वर्षे राखून ठेवलेली साधी ब्रूट शेवटी सपक आणि तपकिरी निघते. घ्यावी आणि वर्षभरात प्यावी. तोवर घरातली सर्वांत गार आणि अंधारी जागा तिला द्यावी.

प्यायच्या आधी तीन-चार तास फ्रिजमध्ये, नाहीतर अर्धा तास बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत ठेवावी. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात बाटली लवकर गार होते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरण्याची जोखीम घेऊ नये. 8 ते 10 अंश तापमान योग्य. त्याहून गार असली तर चवच कळत नाही. स्वस्त वाइन बर्फगार देतात त्याचे कारण हेच.

उघडताना घाई नको. गरम किंवा हिंदकळलेली बाटली बूच बंदुकीच्या गोळीसारखे फेकते आणि डोळ्याला इजा होते. आधी वरचा कागद काढावा. बुचावर अंगठा दाबून ठेवूनच तारेची जाळी सैल करावी. सहा अर्ध्या वळशांत ती सुटते. मग बाटली तिरकी धरून, तोंड माणसांपासून आणि दिव्यांपासून दूर ठेवून, एका हाताने बूच घट्ट धरावे आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवावी. बूच वर येऊ लागले की त्याला उलट रेटा द्यावा. उसासा टाकल्यासारखा आवाज आला म्हणजे काम नीट झाले. शर्यतीनंतर बाटली हलवून फवारण्याची प्रथा अमेरिकी चालक डॅन गर्नीने 1967 मध्ये ल मान्सच्या विजयानंतर रूढ केली. ती बाटली बक्षिसाची होती; विकत घेणाऱ्याने अनुकरण करू नये.

पेल्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. उथळ, पसरट पेल्यात वास आणि वायू दोन्ही पटकन उडतात. उंच निमुळत्या पेल्यात बुडबुडे छान दिसतात, पण नाक आत जात नाही. मधे थोडा फुगीर आणि वर निमुळता असा वाइनचा साधा पेला सर्वांत चांगला. रँस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी आयुष्यभर बुडबुड्यांचा अभ्यास केला आहे. बुडबुडे काचेतून उगवत नाहीत, पेल्याला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंवर जन्मतात, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणून पेला गरम पाण्याने धुऊन सुती कापडाने पुसावा. साबणाचा अंश राहिला तर फेस धरत नाही. ओततानाही पेला तिरका धरून कडेने ओतावे, वायू जास्त टिकतो. हेही त्यांच्याच प्रयोगशाळेतले. उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवण्याचा उपाय निरुपयोगी आहे. खटक्याचे खास झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीही ती पिण्याजोगी राहते.

जेवणात तिची जोडी खारट आणि तळलेल्या पदार्थांशी जमते, कारण आंबटपणा तेल कापतो. फ्रेंच माणूस कालवे खातो; आपल्याकडे रवा लावून तळलेले बोंबील, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी किंवा खारे काजू तितकेच शोभतात. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र घेऊ नये. बुडबुडे तिखटाची आग आणखी भडकवतात. पेढे किंवा केकसोबत ब्रूट कडवट-आंबट लागते. गोडाबरोबर दमी-सेकच हवी.

प्रदेश प्रत्यक्ष पाहायचा तर पॅरिसच्या ‘गार द लेस्त’ स्थानकावरून वेगवान गाडी पाऊण तासात रँसला पोचवते. एक दिवस असेल तर फक्त रँस करावे. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक जिथे झाले ते कॅथीड्रल आणि त्यातल्या मार्क शगालच्या काचा पाहाव्यात, मग एखादे तळघर. रोमन काळापासून खणलेल्या खडूच्या खाणींत पोमरी, रुइनार, तेतँजे, व्हव क्लिको यांची तळघरे आहेत. पोमरीत 116 पायऱ्या उतरून जावे लागते; गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा आणि उन्हाळ्यातही स्वेटर न्यावा. पहिल्या महायुद्धात शहरावर तोफा धडधडत होत्या तेव्हा लोक याच तळघरांत राहत होते, मुलांच्या शाळाही खालीच भरत. 2015 मध्ये इथले उतार, घराणी आणि तळघरे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

दोन दिवस असतील तर दुसरा एपर्ने आणि गावांसाठी ठेवावा. एपर्नेच्या ‘आव्हन्यू द शॅम्पेन’खाली मैलोन्‌मैल बोगदे आहेत, एकट्या मोएतचे 28 किलोमीटर. मर्सिएचे तळघर छोट्या रेल्वेगाडीत बसून पाहता येते, म्हणून ज्येष्ठांबरोबर ते सोयीचे. पण खरी मजा गावांत. तिथे शेतकरी स्वतः दार उघडतो आणि ओततो. आधी ई-मेल करून वेळ ठरवावी, रविवारी आणि सप्टेंबरच्या तोडणीत जाऊ नये, आणि चाखून झाल्यावर एखादी तरी बाटली घ्यावी. तो शिष्टाचार आहे. चाखताना थुंकायला भांडे दिलेले असते, ते वापरण्यात लाजू नये. गाडी चालवणाऱ्याने तर ते वापरावेच. फ्रान्समध्ये लिटर रक्तामागे अर्ध्या ग्रॅमपर्यंत मद्यार्क पोचला की चालक दंडास पात्र ठरतो.

परतताना भारतीय सीमाशुल्काचे नियम प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणू देतात. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात. गावात घेतलेल्या बाटल्या हातातल्या पिशवीत चालत नाहीत. त्या जाड कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी ठेवाव्यात. दोन्ही बाटल्या विमानतळावर घेऊ नयेत. त्यातली एक तरी गावातल्या शेतकऱ्याची, कडेला ‘आर-एम’ छापलेली असावी.